पाच तोळे छर्रे

काडतूस तळहातावर घेतल्याबरोबर मला कळलं की इस्तारी चोर आहे.

१९६४ सालचा डिसेंबर, दुपारी चारचा सुमार. मोहबांधच्या उपासराव लंजे पाटलांच्या अंगणात मी एका सुपात सहा काडतुसं उन्हाला मांडत होतो. दोन दिवस आभाळ येऊन हवा सर्द झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर बदकांची शिकार होती. पाटलांना ताप होता. ते आत घोंगडी पांघरून पडले होते. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं : डबा उघडा, काडतुसं उन्हात ठेवा, ऊन गेलं की परत डब्यात भरा. बाकी काही करू नका.

'बाकी काही करू नका' हे त्यांनी दोनदा सांगितलं. ताप चढला की माणूस तेच तेच बोलतो, असं मी धरून चाललो.

आठ बोअरची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. साधी बंदूक बारा बोअरची. बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. आठ बोअरच्या नळीत माझा अंगठा जाऊन वर फिरायला जागा राहायची. वजन सात किलोच्या पुढं. इंग्रजांच्या वेळी असल्या बंदुका खास पाणपक्ष्यांसाठी करवून घेत, कारण बदकं माणसाला जवळ येऊ देत नाहीत, आणि लांबून मारायचं तर मूठभर छर्रे एकदम फेकावे लागतात. पाटलांच्या वडिलांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून अशी जोडी घेतली होती. एक थोरल्या मुलाला दिली, एक धाकट्याला.

धाकटे म्हणजे दसाराम पाटील. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आठवड्यापूर्वी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि स्वतःचं एक काडतूस माझ्या हातावर ठेवलं.

"पाहा, ओव्हरसियर. एक तोळा काळी दारू, पाच तोळे छर्रे. माझ्या हातानं भरलेलं. वजन ध्यानात ठेवा."

मी ठेवलं. वजनं-मापं ध्यानात ठेवण्यावरच माझं पोट होतं. मी वाईचा, आडनाव घाटे, वय पंचवीस, बदक सोडाच पण अंडंही कधी न खाल्लेला. मोहबांधचा तलाव आणि त्याचे कालवे मोजायला पाटबंधारे खात्यानं मला भंडारा जिल्ह्यात धाडलं होतं. गावात सरकारी खोली नव्हती म्हणून उपासराव पाटलांनी आपल्या घरातली एक दिली. सहा महिने मी त्यांच्याकडं वरणभात खात होतो.

तर काडतूस हलकं होतं. दसाराम पाटलांच्या काडतुसाच्या निम्मं वजन. दुसरं उचललं, तेही तसंच. सहाही तशीच. मी चाकूच्या टोकानं एकाच्या तोंडावरची पुठ्ठ्याची चकती अलगद उचलली. आत छर्रे नव्हते. तांदळाचा कोंडा होता.

मी सुपाशेजारी बसून विचार केला. काडतुसं पाटील स्वतः भरतात, दार लावून. मग ती इस्तारीच्या ताब्यात जातात. इस्तारी मेश्राम पाटलांचा नावाडी, जातीनं ढिवर, साठीचा माणूस. ढिवराला जाळं लागतं. जाळ्याला शिसं लागतं. आणि त्याच सकाळी मी इस्तारीला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नवं जाळं विणताना पाहिलं होतं, काठाला शिशाचे मणी चकाकत होते. भूमितीच्या पुस्तकात याच्याखाली 'हेच सिद्ध करायचे होते' असं लिहितात.

त्या वयात मी स्वतःला दयाळू समजत होतो. पाटलांना सांगितलं तर म्हाताऱ्याचं तीस वर्षांचं काम जाईल. त्यापेक्षा गुपचूप दुरुस्ती करावी. छर्र्यांची नवी पिशवी आतल्या फडताळात होती, नागपूरहून आणलेली. तिची गाठ इतकी करकचून होती की ती मला चाकूनं कापावी लागली. त्या गाठीचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. माणसाला एकदा चोर सापडला की तो पुढं काही शोधत नाही.

मातीचे नमुने तोलायचा एक छोटा काटा माझ्याकडं होता. प्रत्येक काडतुसातला कोंडा झटकला, पाच-पाच तोळे छर्रे तोलून भरले, चकत्या बसवल्या, कडेनं मेण लावलं. काम नीट झालं. आजही सांगतो, ते काम नीट झालं होतं.

उपासराव अडुसष्टचे होते आणि दसाराम बासष्टचे. सतरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचारलं तर गावात कुणी वाटणीचं सांगे, कुणी बायकांचं. एकमेकांच्या घरच्या लग्नालाही ते गेले नव्हते. मात्र वर्षातून एकदा, बदकं उतरली की, दोघं आपापल्या बंदुका घेऊन तलावात उतरत आणि एकाच क्षणी बार काढत.

हे एकाच क्षणी का, तर पहिला बार झाला की तलावावरचं एकूण एक पाखरू उठतं, दुसऱ्याला काही उरत नाही. म्हणून करार होता, आणि तो दोघांच्या नावाड्यांनी आपसात ठरवला होता : डोंगे, म्हणजे त्यांच्या लाकडी होड्या, जागेवर आले की दोघा नावाड्यांनी बांबू उभे धरायचे, मग तीन मोजायचे.

दरवर्षी दसाराम पाटलांची पंधरा-सोळा बदकं पडत. उपासराव पाटलांचं एकही नाही. सतरा वर्षांत एक नाही. थोरल्या पाटलाच्या बंदुकीपुढं बदकं बिनघोर अंडी घालतात, असं गावातली पोरं म्हणत. आणि शिकारीच्या दुपारी धाकट्या घरून न चुकता दोन बदकं येत, सोमा नावाड्याच्या हाती, निरोपासकट : "दादाच्या घरी चूल पेटू दे म्हणते." उपासराव ती ठेवून घेत आणि इस्तारीला देऊन टाकत.

हे सगळं धाकटे एका डोळ्यावर करत होते, हे गावाला जास्त लागे. त्यांचा उजवा डोळा गेलेला होता. फार वर्षांपूर्वी लव्हाळ्याचं पातं लागलं, असं सांगत. ते बंदूक डाव्या खांद्याला लावत. दोन धड डोळ्यांच्या भावाला मात्र काही लागत नसे.

मी एकदा उपासरावांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नेम चुकते." आणि भात कालवायला लागले.

सकाळी मी उठलो तेव्हा पाटील कोट चढवून बसले होते. अंग भाजत होतं.

"आज नका जाऊ," मी म्हणालो.

"नाही गेलो तं तो एकटा जाईन."

"मग जाऊ द्या की. तुम्हाला तसंही..." पुढचं मी गिळलं.

"एकट्यानं तलावात जाऊ नये," पाटील म्हणाले. "तुम्ही चला संगं. माझे हात कापून राहिले. काडतूस तुम्ही भरा."

अशा रीतीनं मी आयुष्यातल्या पहिल्या शिकारीला निघालो. इस्तारीनं दोन डोंगे एकमेकांना बांधून ठेवले होते, कारण आठ बोअरचा धक्का एकट्या डोंग्याला सोसत नाही. पाटील पुढं एका फळीवर बसले, मी मध्ये, इस्तारी मागं बांबू घेऊन उभा. मी त्याच्याकडं जरा करड्या नजरेनं पाहिलं. तो हसला. म्हणाला, "थंडी वाजते काय, साहेब?"

पाण्यावर पातळ धुकं होतं. आणि त्या धुक्यात पुढं कुठंतरी बाजार भरला होता. खरंच बाजाराचाच आवाज, शेकडो तोंडं हळू आवाजात एकदम बोलत असल्यासारखा. जवळ गेलो तसं दिसायला लागलं. लालसरी होत्या, डोकी तांबड्या मातीनं माखल्यासारखी, अडई होत्या, आणि कितीतरी अशी, ज्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. एका कोपऱ्यात, पाणकमळांच्या पलीकडं, पाणी दिसू नये इतकी दाट बसली होती. सहा महिने तो तलाव मी इंच-इंच मोजला होता. त्यात हे असतं हे माझ्या एकाही नकाशात नव्हतं.

डावीकडं दीडशे पावलांवर दसाराम पाटलांचा डोंगा होता. सोमा बांबू टेकत होता. पण तिथं पाणी ओढीचं होतं आणि डोंगा हळूहळू पुढं सरकत होता.

"थोडा मागं पाहिजे होता तो," पाटील पुटपुटले. "सोमाले सांगा... जाऊ दे. ओरडलं तं पाखरं उठतीन."

मी बंदूक बिजागरीत मोडून दोन्ही नळ्यांत काडतुसं घातली आणि बंदूक त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती खांद्याला लावली, पण कशी, तर एखादं मूल खांद्यावर घ्यावं तशी, सैल. नळीचं तोंड बदकांकडं नव्हतंच. समोर, जरा डावीकडं, वीसेक पावलांवरच्या मोकळ्या पाण्याकडं होतं. मला वाटलं, बिचाऱ्यांना खरोखरच नेम धरता येत नाही.

इस्तारीनं बांबू उभा केला. तिकडं सोमाचा बांबू उभा राहिला.

"एक," इस्तारी हळूच म्हणाला. "दोन. तीन."

दोन बार एकत्र झाले. आमचा जो झाला तो मी ऐकला नाही. तो माझ्या छातीत झाला. उपासराव पाटील फळीवरून उचलले गेले आणि पाठीवर माझ्या मांडीत पडले. डोंगे गर्रकन अर्धे वळले. सगळीकडं पांढरा धूर, आणि धुरावर पंखांचा आवाज, धबधब्यासारखा, थांबतच नव्हता.

पाटलांची टोपी पाण्यात पडली होती. माझ्या मांडीवरून ते माझ्याकडं बघत होते. खाली पडण्याची भीती वेगळी असते, ही वेगळी होती.

"छर्रे," ते म्हणाले. "छर्रे कुणी भरले?"

"मी," मी म्हणालो.

ते उठून बसले, डोंग्याच्या काठाला धरलं आणि धुराकडं तोंड करून ओरडले :

"दसा!"

आवाज आला नाही.

"दसा! ए दसा!"

पंखांचा आवाज लांब लांब जात होता. धूर जागचा हलेना, काळ्या दारूचा धूर पाण्यावर असा बसून राहतो. इस्तारीनं बांबू टाकला आणि डोंगा त्या दिशेला रेटायला लागला. तो तोंडानं काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक देवाचं नाव. पाटील तिसऱ्यांदा हाक मारायला अर्धवट उठले.

मग धुरातून आवाज आला :

"मेलो नाही अजून! डोळे फुटले काय बे तुझे, दादा?"

उपासराव पाटील खाली बसले. सतरा वर्षांनंतर भाऊ त्यांच्याशी बोलला होता.

दसाराम पाटील पाळीवर एका दगडावर कोट काढून बसले. नेम पाण्यावर होता म्हणून जीव वाचला. छर्रा सपाट पाण्यावर पडला की चपट्या दगडासारखा टप्पे घेत जातो, हे इस्तारीनं मला नंतर सांगितलं. टप्पे घेऊन जोर गेलेले चार छर्रे लोकरीच्या कोटातून आत गेले होते : तीन दंडात, एक कानाच्या पाळीत. रक्त फार नव्हतं. माझ्या ड्रॉइंगच्या पेटीत टोकदार डिव्हायडर होता. तो मी पळत जाऊन आणला आणि काडी पेटवून त्याची टोकं तापवली.

"आणा इकडं," उपासराव म्हणाले.

"ओव्हरसियरले काढू दे," दसाराम म्हणाले. "तुझे हात कापून राहिले."

"तापानं कापतात."

"कशानंही कापू दे. कापत्या हातानं नको."

उपासरावांनी डिव्हायडर माझ्या हातातून घेतला आणि भावाच्या दंडाशी गुडघे टेकून बसले. दसारामांनी दंड मागं घेतला नाही.

"सतरा वर्षांत तुले एक पाखरू लागलं नाही," ते म्हणाले, "आन आज मी लागलो. सोमा, गावात जाऊन सांग. दादाचा पहिला नेम बसला म्हणा."

माझ्यानं राहवलं नाही. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "काडतुसांत कोंडा होता. छर्रे मी भरले. मला वाटलं, इस्तारी छर्रे काढून जाळ्याला लावतो."

इस्तारी माझ्याकडं बघत राहिला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"लावतो जी," तो म्हणाला. "दरवर्षी पाटील पिशवीच देते मले. विचारलं असतं तं सांगितलं असतं, साहेब."

मी खाली बघितलं. इस्तारीनं सोमाकडून तंबाखू मागून घेतली. मी त्याची माफी मागितली ती दोन दिवसांनी. ती मागायला मला दोन दिवस लागले, हेही इथं सांगून टाकतो.

"दरवर्षी?" दसाराम म्हणाले. "कोंडा कधीपासून?"

उपासरावांनी पहिला छर्रा काढला. दगडावर ठेवला. दुसऱ्यासाठी वाकले.

"दादा, मी काय विचारून राहिलो?"

"तवापासून."

"तवा म्हणजे?"

"तुले माहीत हाय."

सोमा आणि इस्तारी पाण्याकडं बघत उभे होते. मग दसाराम पाटील माझ्याकडं वळले. एका डोळ्यानं माणूस बघतो तेव्हा दोन डोळ्यांपेक्षा जास्त बघतो असं वाटतं.

"लव्हाळ्याचं पातं लागलं असं मीच सांगितलं होतं लोकाले. याचा छर्रा होता, ओव्हरसियर. मी पहिले बार काढला, धूर झाला, आन धुरात मी उभा झालो पाहाले, किती पडले म्हून. यानं उडत्या पाखरावर मारला. अर्धी चूक माझी होती."

"अर्धी नाही," उपासराव म्हणाले.

"मी सांगतो ना अर्धी. डोळा माझा हाय."

"बंदूक माझी होती."

"तू छर्रा काढ."

उपासरावांनी दुसरा छर्रा काढला.

मी पंचवीस वर्षांचा होतो, त्यामुळं जे विचारू नये तेच मी विचारलं. "मग बोलणं कशाला बंद झालं?"

"मी नागपूरच्या दवाखान्यातून घरी आलो," दसाराम मला म्हणाले. पण ऐकवत होते भावाला. "सारा गाव पाहाले आला. सोमा आला, इस्तारी आला, शाळेचा मास्तर आला. हा नाही आला."

"कोणत्या तोंडानं येऊ?" उपासराव दंडाकडंच बघत म्हणाले.

"तेच तोंड चाललं असतं. मी काय दुसरं मागितलं होतं? एक महिना वाट पाहिली. रोज सपरीत खाट टाकून बसत होतो, रस्त्याकडे तोंड करून. मग म्हटलं, ठीक हाय. नाही येत तं नको येऊ."

"मले वाटलं, तुले माझं तोंड पाहाचं नसन."

"विचारलं होतं काय?"

"नाही."

"मंग?"

तिसरा छर्रा खोल होता. दसाराम पाटील दात आवळून बसले होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "घरी नाही आला ते नाही आला. शिकारीले कायले येत होता मग? कोंडा घेऊन? लोकं हासत होते. मी हासत होतो."

"तू येत होता म्हून."

"सोमा होता ना माझ्यासंगं."

"सोमा मागं राहाते. तुले उजव्या अंगानं काही दिसत नाही." उपासरावांनी डिव्हायडर खाली ठेवला. "उजव्या अंगाले मी राहात होतो."

मी मनातल्या मनात त्या सकाळचा नकाशा काढला. दसाराम पाटलांचा डोंगा, समोर बदकं, आणि त्यांच्या उजव्या हाताला दीडशे पावलांवर आम्ही. सोमानं मान डोलावली. सतरा वर्षं त्यानं डोंगा तिथंच लावला होता आणि इस्तारीनं उजवीकडं. करार खरा तोच होता. बांबू उभे धरायचा करार त्याच्या नंतरचा.

आता दोघं भाऊ गळ्यात पडतील असं मला वाटलं. मी तयारीत होतो, माझे डोळेसुद्धा भरून आले होते. दसाराम पाटील उठून उभे राहिले आणि संतापानं लाल झाले.

"म्हणजे सतरा वर्षं मी एकटाच खेळलो?" ते ओरडले. "सोळा बदकं, अठरा बदकं, साऱ्या गावाले सांगत फिरलो दादाले हारवलं म्हून, आन तू कोंडा मारत होता? डोळा गेला तं गेला, लेका, पण हे काय केलं तू!"

"दसा, एक छर्रा राहिला कानात..."

"राहू दे!"

आणि कोट खांद्यावर टाकून, कानात छर्रा तसाच ठेवून, ते पाळीवरून तरातरा निघून गेले. सोमा बदकं उचलून मागं धावला. त्या दुपारी थोरल्या घरी दोन बदकं आली नाहीत.

शुक्रवारी सोमा आला. अंगणाच्या तोंडाशी उभा राहून त्यानं पाठ केल्यासारखा निरोप सांगितला :

"रविवारी सकाळी. बदकं परत बसले. धाकटे पाटील म्हणते, छर्रे ओव्हरसियर साहेबानं भरावं. दादाचा भरवसा नाही म्हणते."

मी भरले. काट्यावर तोलून, पाच-पाच तोळे. पाटील शेजारी बसून बघत होते. ताप उतरला होता, पण त्यांचा चेहरा तापातल्यापेक्षा वाईट होता. प्रत्येक काडतूस मी बंद केलं की ते हातात घेत, वजन बघत, आणि खाली ठेवत.

रविवारी डोंगे चांगले मागं ठेवले. दोन्ही नावाड्यांनी त्यासाठी तास घातला. यावेळी उपासराव पाटलांनी बंदूक खांद्याला सैल धरली नाही. गाल लाकडाला टेकला, पाठ ताठ झाली, आणि तो कापरा हात एकदम कापायचा थांबला. मी त्यांना सहा महिने ओळखत होतो. हा माणूस मी पाहिला नव्हता. तिकडून सोमाचा बांबू वर झाला. पाटलांचे ओठ हलत होते. तीनला त्यांनी एक नळी बसल्या बदकांवर आणि दुसरी उडत्या थव्यावर काढली.

धूर निवळायच्या आत ते ओरडले, "दसा!"

"हाव, हाव, जिता हाय!" तिकडून आलं.

मग इस्तारी पाण्यात उतरून गोळा करत फिरला. उपासराव पाटलांची एकवीस. दसाराम पाटलांची नऊ.

पाळीवर दोन ढीग शेजारी शेजारी पडले. दसाराम पाटलांनी दोन्ही मोजले. मग थोरल्या ढिगातली बदकं एकेक करून उलटवून बघितली, जणू त्यात काही खोट सापडेल. सापडली नाही. ते बंदूक उचलून घरी निघून गेले.

"दोन त्यायच्या घरी नेऊन देऊ काय?" इस्तारीनं विचारलं.

"नको," पाटील म्हणाले. "मार खाशीन."

सोमवारी धाकटे पाटील बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी उपासराव देवळापाशी समोरून गेले तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. गावात बातमी पसरली की भावांचं पुन्हा बिघडलं आणि या खेपेला कारण सगळ्यांना माहीत आहे. उपासराव कमी जेवायला लागले. "मी मुद्दाम चुकवाले पाहिजे होतं काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मला मोजमाप कळतं, हे कळत नाही.

गुरुवारी सकाळी मी सपरीत, म्हणजे ओसरीवर, नकाशाला शाई चढवत बसलो होतो. उपासराव पायरीवर बसून सुपारी कातरत होते. अंगणाचं दार वाजलं आणि दसाराम पाटील आत आले. खांद्याला बंदूक, कानाला पट्टी; सोमाच्या बायकोनं सुईनं चौथा छर्रा काढला होता म्हणे. सतरा वर्षांत त्या अंगणात त्यांचा हा पहिला पाय. घरातून वहिनी, उपासरावांच्या पत्नी, बाहेर आल्या, त्यांना पाहिलं आणि पाणी आणायला आत वळल्या, बहुतेक रडायलाही.

दसाराम पाटील उभेच होते. उपासरावांनी अडकित्ता खाली ठेवला. बसायला सांगावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"उडत्या थव्यावर एका नळीत बारा पडले तुझे," दसाराम शेवटी म्हणाले. "मले बसल्या बसल्या नऊ."

"थवा दाट होता."

"मले दाट-पातळ नको सांगू. बाबानं तुले शिकवलं होतं, मी लहान होतो. मले कोणीच नाही शिकवलं, मी पाहून पाहून शिकलो." त्यांनी बंदूक खांद्यावरून काढली आणि भावाच्या शेजारी पायरीवर बसले, बंदूक गुडघ्यांवर आडवी घेऊन. "नेम कसा धरते तू? सांग."

उपासराव पाटलांनी घसा साफ केला.

"पहिले पाय टेकवाचे," ते म्हणाले. "मंग गाल लाकडाले लावाचा, पक्का. नळीकडे पाहाचंच नाही, पाखराकडे पाहाचं. आन दोन्ही डोळे उघडे..."

ते थांबले. माझी लेखणी कागदावर तशीच राहिली आणि नकाशावर शाईचा एक ठिपका पडला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनीही पाऊल उचललं नाही. उपासराव पाटील आपल्या गुडघ्याकडं बघत होते.

"थांबला काऊन?" दसाराम पाटील म्हणाले. "एक तं उघडा हाय ना. पुढं सांग."